वडिलांच्या नावाने ३०,००० डॉलर: शिष्यवृत्तीला द्यावे की संशोधनाला?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला की नाही हे तुम्हाला कळेल. तुमचे वडील मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. अभ्यासक्रमात असो-नसो, दर वर्षी अमेरिकेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय कवीची कविता ते वर्गात वाचून दाखवायचेच. गेल्या वर्षी ते गेले. तुम्ही न्यू जर्सीत, एक भाऊ टेक्सासात, धाकटा पुण्यात. तिघांनी मिळून ३०,००० डॉलर बाजूला काढलेत. वडिलांच्या नावाने इथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठी किंवा त्या साहित्याच्या अभ्यासासाठी ते द्यायचे आहेत. एका मोठ्या विद्यापीठात चौकशी केलीत तर ५०,००० च्या खाली नावाची शिष्यवृत्ती होत नाही असं सांगितलं. म्हणून तुम्ही विचारताय की वाट बघून रक्कम वाढवावी का, आणि शेवटी शिष्यवृत्तीला द्यावी की संशोधनाला.

मी सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या विद्यापीठांत काढली. सुरुवातीची अकरा ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात, पुढची शिष्यवृत्त्या आणि देणग्यांच्या कचेरीत. दोन्ही टेबलांवर बसल्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत झाली आहे. शिक्षण आणि संशोधन ही दोन खाती देणाऱ्याच्या मनात असतात, प्रत्यक्षात तो एकच रस्ता असतो. कृष्णवर्णीय साहित्याचा उद्याचा अभ्यासक म्हणजे आज कुठल्या तरी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. ती उन्हाळ्यात गोदामात खोकी उचलायला गेली की ग्रंथालयात बसली, यावर पुढचं बरंच ठरतं. त्यामुळे प्रश्न ‘हे की ते’ असा नाही. या रस्त्यावर पैसा नेमका कुठे अडतो आणि तुमची रक्कम तिथे पुरेशी आहे का, हा खरा प्रश्न. आणि त्या ठिकाणी तुमची रक्कम पुरून उरते.

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण पुढे कागदपत्रांत ते लागतील. आपल्याकडे ‘अल्पसंख्याक’ म्हटलं की धर्म डोळ्यांपुढे येतो. इथे ‘मायनॉरिटी’त कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकन असे बरेच गट येतात आणि त्यांच्यासाठीच्या कॉलेजांचे प्रकारही वेगळे असतात. तुमच्या वडिलांच्या विषयाशी थेट जोडलेली कॉलेजं म्हणजे ‘एचबीसीयू’, ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयं. १९६४ च्या आधी मुख्यतः कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी स्थापन झालेली, अशी त्यांची कायद्यातली व्याख्या आहे. आज ती शंभरच्या आसपास आहेत आणि कोणत्याही वंशाचा विद्यार्थी तिथे प्रवेश घेऊ शकतो. काही फार जुनी आहेत, फिस्क १८६६ चं, हॉवर्ड १८६७ चं. फिस्कची गोष्ट तुम्हाला आवडेल. शाळा कर्जात बुडाली तेव्हा १८७१ मध्ये तिथल्या नऊ विद्यार्थ्यांचा एक गायकसंघ दौऱ्यावर निघाला. त्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. आपल्या आजी-आजोबांची भजनं गावोगावी गाऊन त्यांनी पैसे आणले, त्यांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत अजून वापरात आहे.

तुमच्या वडिलांचं वेड एकट्याचं नव्हतं, हेही सांगायला हवं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, ‘अस्मितादर्श’च्या वर्तुळात ही नावं घरच्यासारखी घेतली जायची. तुमचे वडील त्याच वाटेवरचे.

यातल्या बाबासाहेबांच्या पत्रापाशी थोडं थांबू या, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. ते पत्र आज तुम्ही घरबसल्या मूळ स्वरूपात वाचू शकता. कसं? डू बॉइस यांचे कागद १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयाने घेतले. सुमारे एक लाख कागद. कुणीतरी ते एकेक करून उघडले, तारीख आणि नावं नोंदवली, ‘आंबेडकर’ या नावाचं वेगळं फोल्डर केलं, पुढे कुणीतरी ते स्कॅनरवर ठेवलं. ती नोंद झाली नसती तरी पत्र तिथेच असतं, पण मुंबईतल्या किंवा नांदेडच्या अभ्यासकाच्या लेखी ते नसल्यासारखंच. नोंद करणाऱ्या माणसाचा पगार हे देणगी मागण्यासाठी आकर्षक कारण नाही. म्हणून तिथे पैसा नेहमी कमी पडतो.

आता तुमच्या ५०,००० च्या प्रश्नाकडे येतो. मोठी विद्यापीठं जेव्हा किमान रक्कम सांगतात तेव्हा ती कायम ठेवीसाठी असते. मुद्दल कधीच खर्च होत नाही, त्यावरच्या उत्पन्नातून ठेवीच्या साधारण चार टक्क्यांइतकी रक्कम दर वर्षी वापरतात. तुमच्या ३०,००० वर हे वर्षाला १,२०० डॉलर होतात, ५०,००० केलेत तर २,०००. नाव कायम राहतं, हे खरं. पण मोठ्या विद्यापीठाच्या फीपुढे २,००० डॉलर म्हणजे विद्यार्थ्याला पत्ताही लागत नाही. तेच ३०,००० पाच वर्षांत खर्च करायचं ठरवलंत तर वर्षाला ६,००० हाताशी येतात, आणि छोट्या कॉलेजात ६,००० डॉलरमध्ये डोळ्यांनी दिसेल असं काम होतं.

कायम ठेव वाईट असं मी म्हणत नाही. ज्या कॉलेजाची स्वतःची गंगाजळी तुटपुंजी आहे त्याला ठेवीचा मोठा आधार असतो, आणि एचबीसीयूंना पिढ्यान्‌पिढ्या इतरांपेक्षा कमी ठेवींवर संसार करावा लागला आहे. तुमच्याकडे दहापट रक्कम असती तर मी वेगळं सांगितलं असतं. पण तुमच्या आकाराच्या देणगीला मी ज्युलियस रोझेनवाल्डचा मार्ग सुचवीन. हा शिकागोचा व्यापारी, सीअर्स कंपनीचा प्रमुख. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा त्याच्या मदतीतून उभ्या राहिल्या, गावकऱ्यांनी आपला वाटा घालून. त्याची अट होती की आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत निधीतला सगळा पैसा संपला पाहिजे. १९३२ मध्ये तो गेला, १९४८ मध्ये निधी संपवून बंद केला. मधल्या काळात त्या निधीने लेखक-कलावंतांना पाठ्यवृत्त्या दिल्या. लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, राल्फ एलिसन यांना त्या मिळाल्या. एलिसनला १९४५ मध्ये मिळाली, सात वर्षांनी त्याची कादंबरी आली. ज्या वर्षी त्या माणसाला पैशांची गरज होती त्याच वर्षी ते पोचले.

शिक्षणाच्या बाजूने पैसा कुठे अडतो ते सांगतो. लोकांना वाटतं प्रवेशाच्या वेळी. माझ्या अनुभवात जास्त मुलं गळतात ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि तीही फार छोट्या रकमेपायी. गरजू विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी पेल ग्रँट असते, कॉलेजची मदत असते, थोडं कर्ज असतं. मग आईचं काम सुटतं, गाडी बंद पडते, आणि फीचे चारशे-पाचशे डॉलर थकतात. थकबाकी असली की पुढच्या सत्राची नोंदणी होत नाही. ऑगस्टमध्ये आमच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेली मुलं मला अजून आठवतात. एकाची थकबाकी ६१८ डॉलर होती. त्याची पदवी नऊ क्रेडिटवर आली होती. त्या दिवशी आमच्याकडे त्यासाठी खातंच नव्हतं. होती ती फक्त नावाच्या शिष्यवृत्त्यांची खाती, आणि त्यांचे अर्ज मार्चमध्येच संपलेले. तो मुलगा त्या सत्रात परत आला नाही.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून यावर उपाय केला. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नाही, कचेरीनेच थकबाकीची यादी काढायची, आणि अभ्यास नीट चाललेला असेल तर ती छोटी रक्कम आपण भरून टाकायची. त्यांचा धडा नंतर बऱ्याच ठिकाणी उचलला गेला. तुम्ही ज्या कॉलेजाशी बोलाल तिथे असं खातं आहे का, हे जरूर विचारा. कुठे त्याला ‘कम्प्लीशन ग्रँट’ म्हणतात, कुठे ‘इमर्जन्सी फंड’.

शिष्यवृत्तीच द्यायची ठरवलीत तर एक प्रश्न लेखी विचारा: आमच्या पैशांमुळे मुलाच्या हातात तेवढी रक्कम जास्त पडणार आहे, की तुम्ही देत असलेली मदत तेवढी कमी होणार आहे? हा प्रकार सर्रास घडतो. बाहेरून २,००० आले की आर्थिक मदतीच्या कचेरीतलं गणित पुन्हा मांडलं जातं आणि कॉलेज आपले २,००० काढून घेतं. मुलगा आहे तिथेच राहतो. चांगली कॉलेजं सांगतात की आधी कर्ज कमी करू, मग आमची मदत. तेवढं आश्वासन करारात घालून घ्या.

आता साहित्याच्या अभ्यासाची बाजू. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझा जीव याच कामात आहे.

हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाच्या ग्रंथपाल होत्या. १९३० पासून १९७३ पर्यंत त्यांनी तिथला कृष्णवर्णीय ग्रंथसंग्रह उभा केला. त्यांच्यापुढची पहिली अडचण अशी होती की पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या प्रचलित ड्यूई पद्धतीत कृष्णवर्णीयांच्या पुस्तकांना दोनच घरं दिली जायची: ३२६, म्हणजे गुलामगिरी, आणि ३२५, म्हणजे वसाहती. कवितासंग्रह असो की प्रवासवर्णन, लेखक कृष्णवर्णीय म्हटला की पुस्तक त्या फळीवर. पोर्टरबाईंनी ते मोडून काढलं. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात. पुस्तकं विकत घ्यायला अंदाजपत्रकात पैसे नसायचे, तर त्या प्रकाशकांना, विक्रेत्यांना, लेखकांना पत्रं लिहून पुस्तकं मागायच्या. कुणाच्या घरातली आवराआवर कानावर आली की तळघरातले कागद बघायला स्वतः जायच्या.

अशा घरांत काय होतं याचं टोकाचं उदाहरण झोरा नील हर्स्टनचं. आज अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत तिची कादंबरी शिकवतात. १९६० मध्ये फ्लोरिडात फोर्ट पिअर्स इथे ती गरिबीत गेली, थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तिचे कागद अंगणात जाळायला घेतले होते. ओळखीचा एक पोलीस तिथून जात होता, त्याने पाणी मारून आग विझवली. ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत, काहींच्या कडा जळालेल्या आहेत. आणि तिने १९३१ मध्ये पूर्ण केलेलं एक हस्तलिखित, गुलाम म्हणून जहाजातून आणलेल्या कजो लुईस या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलेली त्याची कहाणी, हॉवर्डच्या त्याच संग्रहात जपून ठेवलेलं होतं. २०१८ मध्ये ते पुस्तक म्हणून छापलं गेलं. सत्त्याऐंशी वर्षं. मधल्या काळात एका ग्रंथालयाने ते सांभाळलं, नोंदवलं, मागेल त्याला वाचायला दिलं, म्हणून हे होऊ शकलं.

या क्षेत्रात थोड्या रकमेने किती मोठं काम होतं याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आर्तुरो शॉम्बर्ग यांचं. पोर्तो रिकोत जन्मलेले, न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी. पगारातून त्यांनी आयुष्यभर कृष्णवर्णीयांची पुस्तकं, पत्रकं, हस्तलिखितं जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर दिले आणि तो संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला. हार्लेममधलं आजचं शॉम्बर्ग सेंटर त्यातूनच वाढलं. मिळालेल्या पैशांतून शॉम्बर्ग युरोपात जाऊन आणखी शोध घेऊन आले. तुम्ही न्यू जर्सीतच आहात, एक दिवस काढून तिथे जाऊन या.

माझ्या स्वतःच्या कामातलं एक सांगतो. दक्षिणेतल्या एका छोट्या कॉलेजात तळघरात सतरा खोकी पडून होती. तिथेच चाळीस वर्षं शिकवलेल्या एका कवयित्रीचे कागद. वर केळ्यांच्या कंपनीचं नाव छापलेलं, आत टंकलेल्या कविता, विद्यार्थ्यांची पत्रं, चर्चच्या कार्यक्रमपत्रिका. एका देणगीदाराने ४,००० डॉलर दिले. त्यातून उन्हाळ्यात तिथल्याच दोन मुली तासावर कामाला घेतल्या. पहिला आठवडा नुसत्या गंजलेल्या स्टेपलच्या पिना काढण्यात गेला. पिन ओढायची नसते, कागदाखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून पाय उलगडायचे असतात, नाहीतर गंजाबरोबर अक्षरंही निघून येतात. मग आम्लविरहित फोल्डर, त्यावर पेन्सिलने नाव आणि साल. दोघी दहा आठवडे बसल्या. त्यांतली एक मुलगी दुपारी डबा खाताना त्या कविता मोठ्याने वाचायची. तिच्या लक्षात आलं की एकाच कवितेचे सहा खर्डे आहेत आणि प्रत्येक खर्ड्यात एक ओळ कमी होत गेली आहे. त्यावर तिने पदवीचा निबंध लिहिला, पुढे पीएचडीला गेली. दुसरी तिच्या गावच्या शाळेत ग्रंथपाल झाली. मला दोन्ही सारखंच मोलाचं वाटतं. आणि खोक्यांची यादी लागल्यावर वर्षभरात दोन बाहेरचे अभ्यासक ते कागद बघायला आले.

म्हणून तुम्हाला माझी पहिली शिफारस हीच. एखाद्या एचबीसीयूचं ग्रंथालय आणि तिथला इंग्रजी विभाग यांना एकत्र बसवा आणि पाच उन्हाळे एका विद्यार्थ्याचं पगारी काम द्या. आठवड्याला वीस तास, दहा आठवडे, तासाला १५ डॉलर धरले तर ३,००० होतात. फोल्डर, खोकी आणि एखाद्या परिषदेचा प्रवास यांना आणखी ६००. वर्षाला ३,६००, पाच वर्षांत १८,०००. यात मुलाला पैसे मिळतात, कागदांना हात लागतो, आणि अभ्यासक होण्याची पहिली पायरी घडते. मेलन फाउंडेशनने १९८८ पासून हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवला आहे. आज त्या पाठ्यवृत्तीला मोरहाउस कॉलेजचे एके काळचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांचं नाव आहे. पदवीच्या वर्गातच मुलं हेरायची, त्यांना मार्गदर्शक आणि उन्हाळ्याचा पगार द्यायचा आणि पीएचडीपर्यंत पोचवायचं.

उरलेल्या १२,००० पैकी ६,००० त्याच कॉलेजातल्या थकबाकीच्या खात्याला द्या, वर्षाला १,२००. दोन-तीन मुलांची नोंदणी त्यातून सुटते. राहिलेले ६,००० या साहित्याच्या अभ्यासकांच्या संस्थांना. इथे आवडीनुसार निवडा. कॉलेज लँग्वेज असोसिएशन १९३७ मध्ये कृष्णवर्णीय भाषा-शिक्षकांनी काढली, कारण इतरांच्या परिषदांत त्यांना मानाची जागा नव्हती. तुमचे वडील इंग्रजीचे प्राध्यापक, त्यामुळे ही मला सर्वांत जवळची वाटते. कॅन्सस विद्यापीठात ‘हिस्टरी ऑफ ब्लॅक रायटिंग’ हा प्रकल्प आहे, मेरीएमा ग्रॅहॅम यांनी १९८३ मध्ये मिसिसिपीत सुरू केलेला. विसरल्या गेलेल्या कादंबऱ्या शोधून त्यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. वडिलांना कविता प्रिय होती म्हणालात, तर व्हर्जिनियात जेम्स मॅडिसन विद्यापीठातलं फ्युरियस फ्लॉवर हे कृष्णवर्णीय कवितेला वाहिलेलं केंद्र पाहा. कॅव्ह कानेमही आहे, १९९६ पासून कवींच्या कार्यशाळा घेते. तिन्ही-चारही ठिकाणी थोडं थोडं वाटू नका. एकीला धरा आणि पाच वर्षं द्या. कॉलेज निवडायला वेळच नसेल तर युनायटेड निग्रो कॉलेज फंड आहे, १९४४ पासूनचा, अनेक कॉलेजांसाठी एकत्र निधी गोळा करतो. विश्वासू आहे, पण तिथे वडिलांच्या विषयाचा धागा पातळ होईल.

ही विभागणी म्हणजे नियम नव्हे. कॉलेजच्या ग्रंथालयात हस्तलिखितं सांभाळणारं पूर्णवेळ माणूस नसेल तर उन्हाळ्याचं काम नीट होणार नाही. विद्यार्थ्याला शिकवायला कुणीतरी तिथे हवंच. तसं नसेल तर सगळी रक्कम थकबाकीच्या खात्याला द्या, मी ते आनंदाने सुचवीन.

अटी घालताना हात आखडता ठेवा. ही माझ्या हातून झालेली चूक आहे, म्हणून कळकळीने सांगतो. एका देणगीदार कुटुंबासाठी मी पाठ्यवृत्तीचा मसुदा केला होता. इंग्रजीचाच विद्यार्थी, एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय लेखिकांवरच काम, अमुक जिल्ह्यातला, इतक्या गुणांच्या वर. कुटुंबाच्या प्रत्येक इच्छेला मी एकेक ओळ दिली. तीन वर्षं त्या अटींत बसणारं कुणी सापडलं नाही. पैसे खात्यात पडून, आणि त्याच मजल्यावर मुलं पैशांअभावी कॉलेज सोडून जात होती. अट बदलायला वकिलांकडून दीड वर्ष लागलं. आता मी प्रत्येक करारात एक वाक्य घालतोच: हा उद्देश पुरा होणं अशक्य झाल्यास त्याच्या सर्वांत जवळच्या उद्देशासाठी कॉलेजने रक्कम वापरावी.

आणखी एक बाब सध्या फार महत्त्वाची झाली आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंश विचारात घेणं रद्द ठरवलं. निकाल प्रवेशापुरता होता, पण त्यानंतर ठिकठिकाणी ‘फक्त अमुक वंशासाठी’ अशा शिष्यवृत्त्या बंद झाल्या किंवा त्यांची भाषा बदलली. तेव्हा करारात विद्यार्थ्याचा वंश लिहू नका, विषय लिहा, गरज लिहा. ‘कृष्णवर्णीय साहित्याच्या अभ्यासात रस असलेला, आर्थिक गरज असलेला, घरातून प्रथमच कॉलेजात आलेला विद्यार्थी’ हे चालतं. कॉलेज एचबीसीयू असेल तर तुमचा हेतू तसाही साधतो. राज्याराज्यात फरक आहे, म्हणून कॉलेजच्या वकिलाने मसुदा बघितलाय याची खात्री करा. २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या मानव्यविद्यांच्या, म्हणजे साहित्य-इतिहासासारख्या विषयांच्या, निधीतून मंजूर झालेली बरीच अनुदानं मध्येच रद्द झाली, त्यामुळे अशी छोटी खाती आज जास्तच कामाला येत आहेत.

पैशांच्या व्यवहाराचं भराभर सांगतो. तुम्ही आणि टेक्सासचे भाऊ नोकरीत असाल तर कंपनी देणगीइतकीच भर घालते का ते बघा, आपल्या आयटीवाल्यांपैकी अनेकांना ही सोय असते आणि ते ती वापरत नाहीत. तुमचे ३०,००० तिथेच ४०,००० होऊ शकतात. मुलगा किंवा मुलगी तुम्ही स्वतः निवडायची नाही, निवड कॉलेजने करायची, नाहीतर करसवलत जाते. काही कॉलेजं प्रत्येक देणगीतून टक्केवारी कापतात, ते आधी विचारा. पुण्याच्या भावाला इथल्या कराची सवलत नाही, त्यांनी आपल्या सीएला विचारून मगच रक्कम पाठवावी. घरात कुणी साडेसत्तर वर्षांपुढचं असेल आणि आयआरए, म्हणजे निवृत्तीच्या बचतीचं, खातं असेल तर त्यातून थेट देणगी देता येते, कराच्या दृष्टीने ते सोयीचं पडतं. आणि वर्षाच्या शेवटी अहवाल मागा, एका पानाचा. किती तास काम झालं, किती खोकी उघडली, किती मुलांची नोंदणी सुटली. आभाराचं पत्र मुलांकडून लिहून घ्यायला लावू नका.

फोन पहिला कुणाला करावा? देणग्यांच्या कचेरीला नको. ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाला करा आणि एवढंच विचारा: तुमच्याकडे न उघडलेली कोणती खोकी आहेत? समोरचं माणूस ज्या आवाजात उत्तर देतं त्यावरून तुम्हाला कळेल की योग्य ठिकाणी आलोय की नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीबद्दल, जी तुम्ही कंसात लिहून पुढे गेलात. वडिलांच्या चौदा वह्या भावाकडे पुण्यात आहेत, त्यात त्यांनी वर्गासाठी केलेली मराठी भाषांतरं आणि टिपणं आहेत, आणि भाऊ घर बदलतोय. ताई, त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. मराठवाड्यातल्या एका वर्गात हे कवी कसे वाचले गेले, मुलांनी काय विचारलं, कोणत्या शब्दाला कोणता मराठी शब्द सुचला, हे कुठल्याही अमेरिकन ग्रंथालयात मिळणार नाही. भावाला सांगा, वह्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, ओल धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, आडव्या, भिंतीपासून दूर. रबरबँड असतील तर काढून टाक. सेलोटेप लावू नकोस, फाटलं असेल तर तसंच राहू दे. प्रत्येक वहीच्या आतल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने वर्ष आणि वर्ग लिही. वर्ष कळत नसेल तर आईला विचारा, कोणत्या घरात असताना ते कोणत्या वहीत लिहायचे, हे तिला आठवत असेल. नंतर फोनवर का होईना, दिवसाच्या उजेडात एकेक पान काढा. पहिल्या वहीची पानं मला पाठवलीत तर नोंद कशी करायची ते मी करून दाखवीन.